तिची आई वावरात गेली असन

झड लागली आहे. निंदण बंद, म्हणून मीही दुपारची घरी. आबाजी ओसरीत बाजेवर, आणि मनूच्या पुस्तकांची पिशवी त्यांच्या पायाशी. साड्यांच्या दुकानाची कापडी पिशवी आहे. घरातली चित्रांची सगळी पुस्तकं तीत मावतात आणि वर जागा उरते.

मनू अंगणवाडीत जाते, तिला अजून वाचता येत नाही. पण कोणतं पुस्तक कोणत्या पुस्तकापेक्षा चांगलं, यावर तिचं मत एकदम पक्कं असतं आणि ते रोज बदलतं. मीही तिच्याशी बरोबरीनं भांडते. माझं लाडकं पुस्तक वेगळं, तिचं वेगळं. आज मात्र ती पुस्तकं कशावर तोलते ते जरा कळलं, म्हणून लिहून ठेवते.

माझं लाडकं म्हणजे सलगमाचं. रशियन लोककथा आहे. पुस्तक मूळ माझ्या दादाचं. सोव्हिएत संघात छापलेली मराठी पुस्तकं तेव्हा लोकवाङ्मय गृहामार्फत यायची आणि प्रदर्शनांत अगदी स्वस्त मिळायची. बाबांनी वर्ध्याहून आणलं होतं. 1991 मध्ये तो देशच उरला नाही, पुस्तकंही यायची थांबली. आमच्या प्रतीचं कव्हर गेलंय, पानं मी दाभणानं शिवलीत. गोष्ट एवढीशी: आजोबा सलगम लावतात, ते इतकं मोठं होतं की उपटता उपटत नाही. मग आजी येते, नात येते, कुत्रा, मांजर, आणि शेवटी उंदीर लागतो तेव्हा कुठं ते निघतं. दर पानावर रांग एकानं वाढते आणि वाचणाऱ्याचा आवाजही आपोआप वाढतो. मनू त्या वेळी आबाजींचं धोतर धरून खरंच ओढते. आबाजींचं म्हणणं, कापसाची पऱ्हाटी उपटायचा चिमटा लावला असता तर उंदराची गरजच पडली नसती.

आज ती मधेच थांबली. पानावर बोट ठेवून म्हणाली, "आजी हाय, आबाजी हाय, पोरगी हाय. हिची आई कुठी हाय?"

हे पुस्तक मी लहानपणापासून पाहतेय, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. खरंच, नात आहे आणि तिचे आईबाप कुठंच नाहीत. मी काहीतरी जुळवत होते, तर तिनंच सांगून टाकलं, "तिची आई वावरात गेली असन. निंदाले."

"अन् बाबा?"

"थे फवाऱ्याले गेले."

मग तिनं पिशवी उलटी केली आणि एकेक पुस्तक तपासायला घेतलं. कोणाची आई चित्रात आहे, कोणाची नाही. नसली तर ती कुठं गेली असेल, हे मी विचारायचं आणि तिनं सांगायचं. बाजाराला, बँकेत, मामाच्या गावी, दळण घेऊन.

माधुरी पुरंदरेंचं 'राधाचं घर' या तपासणीत पहिलं आलं, कारण तिथं घरातली माणसं जागच्या जागी आहेत. लिहिणाऱ्याही त्याच, चित्रं काढणाऱ्याही त्याच, म्हणून शब्दात एक आणि चित्रात भलतंच असं होत नाही. त्यांना 2014 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. मला त्यांचं एक आवडतं. त्यांची मोठी माणसं चित्रासाठी उभी राहिलेली नसतात, काहीतरी करत असतात. मनूला राधा आवडते, पण तिच्याबद्दल एक तक्रार आहे. "यांच्या घरी ढोरं काऊन नाही?" शहरात राहतात, मी म्हटलं. तिला ते फारसं पटलं नाही. ढोरं नाहीत तर सकाळी उठून राधाचे आजोबा करतात काय, हा तिचा सवाल आबाजींकडे पाहूनच होता.

मग बैलाचं. हे पुस्तक माझ्या मैत्रिणीनं दिलंय, इंग्रजी आहे, मी ते आमच्या बोलीत सांगते. फर्डिनांड नावाचा स्पेनमधला वळू. बाकीचे गोऱ्हे टक्करी घेतात आणि हा आपला बाटलीचं बूच ज्याच्या सालीतून निघतं त्या झाडाखाली बसून फुलांचा वास घेतो. एकदा नेमका मधमाशीवर बसतो, चवताळून उड्या मारतो, आणि झुंजीसाठी वळू शोधायला आलेल्या लोकांना वाटतं, वा, काय मारका आहे! त्याला माद्रिदला नेतात. तिथं तो मैदानाच्या मधोमध बसून बायकांच्या केसांतल्या फुलांचा वास घेत राहतो. मन्रो लीफनं लिहिलं, रॉबर्ट लॉसननं चित्रं काढली, साल 1936. आमच्या जिल्ह्यात गांधीजी सेगावला, म्हणजे आताच्या सेवाग्रामला, राहायला आले ते हेच वर्ष. तिकडं स्पेनमध्ये त्याच वर्षी यादवी पेटली, आणि पुढं फ्रँकोच्या राजवटीत या न लढणाऱ्या वळूवर बंदी होती. मनूला यातलं काही सांगत नाही. आबाजींना सांगितलं, तर म्हणाले, "बसलेल्या बैलाले सरकार भेते, हे पाय."

आतली चित्रं नुसती काळी-पांढरी. मला वाटलं होतं मनू तोंड फिरवेल, रंगाशिवाय पोरांना काही चालत नाही असं सगळेच सांगतात. उलट याच पुस्तकात ती सगळ्यात जास्त वेळ रेंगाळते. लॉसननं गंमत केली आहे: झाडाला बाटलीच्या बुचांचे घोस लटकवलेत, जशी काही ती फळंच. खरं तर बूच निघतं सालीतून. तसं बूच मनूनं कधी पाहिलंच नाही, त्यामुळे तिच्या लेखी त्या खारका आहेत, आणि वळू तिथं बसतो तो खारका खाली पडायची वाट पाहत.

पण इथं ती परीक्षकही होते. दावं नाही, येसन नाही, गळ्यात घागरमाळ नाही. "थो कोनाचा हाय?" हा तिचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न. आमच्या गावात कोणाचाच नाही असा बैल नसतो. फर्डिनांडची आई मात्र पुस्तकात आहे, गाय आहे, पोरगं एकटं पडेल म्हणून काळजी करते आणि तो खुशीत आहे हे कळल्यावर त्याला बसू देते. म्हणून आजच्या तपासणीत तो पास झाला. मालक नसला तरी आई आहे.

आबाजींनी चष्मा पुसून खांदे, वशिंड, शिंगं सगळं पाहिलं. त्यांचं आयुष्य गवळाऊ जोड्यांमागं गेलं. वर्ध्याकडची ही पांढरी, चपळ जात, शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, धावणारी. त्यांच्याकडे म्हणे असाच एक होता. पटावर सुटला की अर्ध्यात थांबायचा आणि लोकांकडे पाहत राहायचा. त्यांनी तो विकला नाही, वखराला लावला, आणि तिथं त्यानं कधी तक्रार केली नाही. 2014 मध्ये कोर्टानं शर्यती बंद केल्या तेव्हा आबाजी भडकले होते. 2023 मध्ये त्या कायम सुरू ठेवायला परवानगी मिळाली तेव्हा पेढे वाटून आले. तेच आज त्या बसलेल्या वळूकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "बसू दे ना त्याले. काय जाते तुमचं?" हे कोणाला उद्देशून होतं कोण जाणे.

मुलांना आपल्या परिसरातली पुस्तकं द्यावीत असं सगळे म्हणतात. मीही म्हणायची. कापूस, संत्रा, तान्हा पोळा, लाकडी नंदी ओढत दारोदार जाणारी पोरं, हे रंगीत पुस्तकात यावं असं मला अजूनही फार वाटतं, आणि आलं तर मी आधी धावेन. पण आमच्या पिशवीतलं एकही पुस्तक विदर्भातलं नाही, आणि पोरीचं अडत नाही. चित्रकारानं न काढलेली माणसं ती स्वतःच्या गल्लीतून उचलून तिथं ठेवते. मात्र चित्रकारानं जागा सोडलेली हवी. बाजारात मिळणारी ती गुळगुळीत पानांची, गुलाबी सिंहाची पुस्तकं असतात ना, खाली चौकटीत तात्पर्य छापलेली, तिथं मनू काहीच विचारत नाही. ऐकते आणि पान उलटते. ती मी पिशवीत सगळ्यात खाली ठेवते, बिनदिक्कत.

मोबाइलवरही वाचून झालं. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर 2015 पासून आहे, मराठी गोष्टी फुकट, आणि त्यात खरंच छान चित्रं आहेत. पण आमच्या फोनची काच तडकलेली, रेंज कधी आहे कधी नाही, आणि गोष्ट रंगात आली की नेमका कोणाचा तरी फोन येतो. शिवाय दोन पुस्तकं शेजारी ठेवून तोलता येत नाहीत, आणि मनूला तर तेच करायचं असतं.

संध्याकाळी मी भाकरी टाकत होते तेव्हा आतून पेनाचा आवाज. जाऊन पाहिलं तर सलगमाच्या पुस्तकात, रांगेच्या मागं कोपऱ्यात, निळ्या पेनानं एक बाई उभी. डोक्यावर गवताचा भारा, हातात इळा, साडीला ठिपके. सलगमाकडे तिची पाठ. "आई हाय तिची. वावरातून वापस येऊन रायली."

दादाचं पुस्तक. चाळीसेक वर्षं कोणी त्यावर रेघ मारली नव्हती. दिवाळीत तो येईल तेव्हा पाहीलच. आबाजी म्हणाले, मी बोलतो त्याच्याशी. आता तिला फवाऱ्याचा पंप पाठीवर घेतलेला बाबाही काढायचा आहे, पण त्या पानावर जागा नाही, आणि दुसऱ्या पानावर काढला तर तो बाईपासून लांब पडतो, म्हणून ती चिडून बसली आहे.