पायातली साखळी आणि खोटे केस

काल रात्री परत एकदा डबल इन्डेम्निटी हा सिनेमा बघितला, 1944 चा, बिली वाइल्डरचा, आणि यावेळी ठरवून फक्त कपड्यांकडे लक्ष ठेवलं. बार्बरा स्टॅनविक पहिल्यांदा दिसते ती जिन्यावर टॉवेल गुंडाळून, मग कपडे करून खाली येते तेव्हा कॅमेरा थेट तिच्या पायावर, घोट्यात एक बारीक साखळी. आपल्याकडे पैंजण म्हणजे घरची लक्ष्मी वगैरे, इथे मात्र तेवढ्या साखळीवरच विमा एजंट खलास! साखळीवर तिचं नाव कोरलंय आणि तो पहिल्याच भेटीत तिला त्याबद्दल विचारतो, म्हणजे गडी गेलाच कामातून.

आणि तो सोनेरी विग. सरळसरळ नकली दिसतो राव, लोक अजून नावं ठेवतात त्याला, पण मला वाटतं बाईच आतून नकली आहे तर केस खरे कशाला हवेत? विम्याच्या पैशासाठी त्याच एजंटच्या साथीने नवऱ्याला मारल्यावर हीच बाई विमा ऑफिसात काळे कपडे, तोंडावर जाळी अशी येते, काय ते दुःख, वा. कपडे हॉलिवूडची नामी वेशभूषाकार ईडिथ हेडचे, त्यामुळे नवल नाही.

सगळ्यात आवडता मात्र कीज, म्हणजे विमा कंपनीत दावे तपासणारा, त्या एजंटचा मित्र. वेस्टकोट घातलेला, सगळे खिसे चाचपतो पण काडी कधीच सापडत नाही, सिगार पेटवायला दरवेळी तो एजंटच लागतो. शेवटच्या सीनला तीच काडी उलट्या बाजूने येते, कीज एजंटची सिगारेट पेटवतो, तिथे मी दरवेळी रडतो.