तुम्ही विचारलंत म्हणून: पोटाचं काय?

वजन उतरवायचं ऑपरेशन मी करून घेतलं, पण हा प्रश्न मला चारचौघांत कुणी विचारत नाही. वजन किती उतरलं, साखर किती आली, इन्सुलिन सुटलं का, हे सगळं हॉलमध्ये बसून मोठ्यानं विचारलं जातं. पोटाचं विचारायला मात्र बायका मला स्वयंपाकघरात गाठतात. नाहीतर रात्री साडेनऊनंतर फोन करतात आणि आवाज खाली आणतात. "खरं सांगा हं ताई, ऑपरेशननंतर पोटाचं काय होतं? म्हणजे, संडासचं?"

आजवर मी या प्रश्नाला प्रत्येकीच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर दिलं. एकीला "होतं थोडं", दुसरीला "सवय होते", आणि एकीला साफ खोटं. त्या एकीमुळेच आज हे लिहायला बसले आहे.

वजन का वाढलं होतं, व्यायाम करून का नाही उतरवलं, हे पुन्हा सांगत नाही. ज्यांना ते पटायचं त्यांना पटलं, बाकीच्यांना कधीच पटणार नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये माझं मिनी गॅस्ट्रिक बायपास झालं. तेव्हा वजन 118 किलो आणि एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, 9.4. आज वजन 71 आहे आणि इन्सुलिन बंद आहे. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून कुणी "बघ, मी म्हणतच होते" असं म्हटलेलं मला चालणार नाही.

या ऑपरेशनमध्ये जठराची एक लांबट, अरुंद नळी करतात आणि ती पुढच्या आतड्याला जोडतात. लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाच्या वाटेतून वगळला जातो. माझ्या कागदावर 200 सेंटीमीटर असं लिहिलेलं आहे. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस त्या वगळलेल्या भागातून वाहत येतो आणि अन्नाला खाली जाऊन भेटतो. ही भेट उशिरा होते, म्हणून तेल-तूप पुरतं पचत नाही. वजन उतरण्यात याचाही वाटा आहे. पण न पचलेलं तूप शरीरात नाहीसं होत नाही, ते बाहेर पडतंच.

पहिले तीन महिने माझं उलटंच होतं. खाणं चार घास, पाणी घोटघोट, त्यात लोहाच्या गोळ्या. चार-चार दिवस कोठा हलायचा नाही. मल काळा आणि खड्यासारखा. कुंथून कुंथून डोळ्यांपुढे अंधारी यायची. इसबगोल आणि कोमट पाणी यांवर ते दिवस काढले. मग हळूहळू खाणं वाढलं, घरचं जेवण सुरू झालं, आणि सहाव्या महिन्यापासून दुसरं टोक आलं. दिवसातून पाच-सहा वेळा. फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारी, दोनदा पाणी ओतलं तरी भांडं न सोडणारी. आणि वास. घरातल्यांनी कधी तोंडानं काही म्हटलं नाही, पण मी बाहेर आले की दहा मिनिटं कुणी आत जायचं नाही. वारा सरायची भीती तर इतकी, की शाळेत मी वर्गाच्या मध्ये उभी राहून शिकवायचं सोडलं आणि दाराजवळ उभी राहायला लागले.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरांनी आधी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. सही केलेल्या कागदावर एक ओळ होती: मलविसर्जनाच्या सवयींत बदल होऊ शकतात. मी ती वाचली होती. वाचताना मला वाटलं, सवय म्हणजे सकाळी सातच्या ऐवजी आठ. त्या ओळीवर मी फार दिवस राग धरला. आता वाटतं, मी तरी एका ओळीत दुसरं काय लिहिलं असतं? पण मग पुन्हा वाटतं, एका ओळीत का? चार का नाहीत?

आता ते सांगते, जे मी नवऱ्यालाही महिनाभर सांगितलं नव्हतं.

मार्च 2023. आईचं वर्षश्राद्ध होतं, मोहोळजवळच्या आमच्या गावी. मी आणि माझा मुलगा, तेव्हा बारा वर्षांचा, दोघेच पुण्याहून गेलो होतो. पानात गव्हाची खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळं रीतीप्रमाणे. मी भात आणि थोडं वरण घेऊन उठणार होते. काकू म्हणाली, "आईच्या नावाचा घास हाय, नाही म्हणू नये." आईच्या शेवटच्या आजारपणात मी माझ्याच तब्येतीत गुंतलेली होते. त्या घासाला नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. अर्धी वाटी खीर आणि एक वडा. खीर फार चांगली झाली होती, हेही कबूल करते. मी ती नुसती मान राखायला खाल्ली नाही, आवडीनं खाल्ली.

जेवून उठल्या उठल्या निघालो. चुलतभावानं मोहोळ स्टँडवर सोडलं, पुण्याची गाडी लागलेलीच होती. शेटफळ यायच्या आत छाती धडधडायला लागली. मानेवर घाम. बायपासनंतर गोड पदार्थ जठरात थांबत नाही, सरळ आतड्यात उतरतो आणि अंगातलं पाणी तिकडे ओढून घेतो. डॉक्टर याला डम्पिंग म्हणतात. धडधड, घाम, पोटात ढवळणं आणि मग जुलाब. हे सगळं मला पाठ होतं. माहीत असल्यानं काही थांबत नाही.

मोडनिंबच्या अलीकडे कळ आली. मी उठून दांड्याला धरून पुढे गेले आणि कंडक्टरना म्हटलं, गाडी थांबवा. दोन्ही बाजूंना उघडं रान होतं, झाड नाही, भिंत नाही. माझा चेहरा बघून ते म्हणाले, "ताई, चार किलोमीटरवर पंप आहे, तिथं थांबवतो, बसा तुम्ही." बसणं शक्य नव्हतं. बसले नाही तर तोल जात होता. मी मुलाशेजारी येऊन बसले, मुठी आवळल्या, आणि त्या चार किलोमीटरांतल्या अर्ध्या वाटेवरच ते झालं. माझ्या हातात काही राहिलं नाही. बेचाळीस वर्षांची बाई, शाळेत शिकवणारी, अंगावर आईच्या श्राद्धाची पांढरी-निळी साडी.

मुलानं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानं खिडकी सरकवून पूर्ण उघडली. मग अंगातलं जर्किन काढून माझ्या मांडीवर ठेवलं. पुढच्या सीटवरच्या माणसानं नाकाला रुमाल लावून मागे वळून पाहिलं, तेव्हा माझा मुलगा त्याच्याकडे बघत राहिला, तो माणूस पुढे वळेपर्यंत.

पंपावर गाडी थांबली. कंडक्टर सगळ्यांना म्हणाले, "उतरा जरा, चहापाणी घ्या, दहा मिनिटं लागतील." कुणासाठी ते बोलले नाहीत. मागच्या सीटवर एक म्हातारी होती. ती माझ्यामागून संडासाच्या दारापर्यंत आली आणि पिशवीतून एक धुतलेलं, घडीचं लुगडं काढून तिनं दारावरून आत दिलं. मी रडत होते. ती बाहेरून म्हणाली, "लाजायला काय झालं लेकी, अंगाचंच हाय की." दहा मिनिटांची वीस झाली. मुलगा नळावरून बाटली भरभरून आणून दारापाशी ठेवत होता. परत येऊन बसले, तर सीटवर कुणीतरी वर्तमानपत्रं अंथरली होती. म्हातारी इंदापूरला उतरली. लुगडं परत कुठं पाठवू, असं विचारायचं मला सुचलंच नाही. भिगवणच्या पुढे दुसरा फेरा आला. साखर खाली गेली, हात थरथरायला लागले. मुलानं दप्तरातली बिस्किटं काढून दिली. पुण्यापर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. त्या विषयावर आजपर्यंत बोललेलो नाही.

दोनच आठवड्यांनी माझी तपासणी होती. डॉक्टरांनी विचारलं, "मोशन कशी आहे?" मी म्हटलं, "ठीक आहे."

का म्हटलं? तेव्हाच्या त्या बाईशी मी अजून भांडते. ती म्हणते, तुला कळत नाही, सोळा महिने सगळे कौतुक करत होते, त्या कौतुकात हे कुठं बसवणार होतीस? ती म्हणते, तुला भीती होती की डॉक्टर म्हणतील, तूच खीर खाल्लीस. तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण तिच्यामुळे आणखी आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत संध्याकाळी जिन्यावरची पायरी दिसेनाशी झाली आणि पावलांवर सूज आली. तेव्हा कुठं मी सगळं सांगितलं. ऐकायला डॉक्टरांना पाच मिनिटंही लागली नाहीत. मलाची तपासणी, रक्ताची तपासणी. मलात चरबी फार, ए आणि डी जीवनसत्त्व कमी, प्रथिनं कमी. जेवणाबरोबर स्वादुपिंडाच्या पाचकरसांच्या कॅप्सूल सुरू झाल्या. वगळलेल्या आतड्यात जंतू वाढतात, त्यासाठी अँटिबायोटिकचा कोर्स झाला. दिवसाचं तेल मोजून. दूध बंद, ताक चालू. पाणी जेवल्यावर अर्ध्या तासानं. लोह आणि कॅल्शिअममध्ये दोन तासांचं अंतर. आता दिवसातून दोनदा, कधी तीनदा. वास आहे, पण घर सोडावंसं वाटत नाही.

आणि आता ती एकजण. माझ्याच शाळेतली, माझ्याहून सात वर्षांनी लहान. डिसेंबर 2022 मध्ये, म्हणजे बसच्या आधी, तिनं मला स्टाफरूमच्या बाहेर थांबवून विचारलं होतं, "पोटाचा काही त्रास?" मी म्हटलं, "अजिबात नाही." त्या दिवशी सकाळपासून मी चार वेळा जाऊन आले होते. तिनं मे 2023 मध्ये ऑपरेशन करून घेतलं. मधल्या काळात मार्च येऊन गेला होता. तिला थांबवून सांगायला माझ्याकडे दोन महिने होते. मी सांगितलं नाही. उलट दवाखान्यात तिला भेटायला गेले आणि "आता बघ कशी हलकी होशील" म्हणाले.

पुढच्या जानेवारीत तिचा फोन आला. कुठून बोलत होती ते आवाजाच्या घुमण्यावरून कळत होतं. तिनं एवढंच विचारलं, "तुम्हालाही होत होतं ना? मी विचारलं होतं तेव्हा?" मी हो म्हटलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. मी तिला माझ्या डॉक्टरांकडे नेलं, कॅप्सूलचं सांगितलं, तेलाचं सांगितलं. तिचं आता माझ्यापेक्षा बरं आहे. आम्ही डबा एकत्र खातो. पण मनातलं काही आता ती मला विचारत नाही.

मी तिला खरं सांगितलं असतं तर तिनं ऑपरेशन केलं नसतं का? ती स्वतः म्हणते, केलंच असतं. तिचे गुडघे गेले होते, रात्री झोपेत श्वास अडकायचा. मग माझ्या खोट्यानं तिचं काय बिघडलं? आठ महिने ती एकटी राहिली, आपल्यालाच काहीतरी वेगळं झालंय असं समजून. मी तिच्या शेजारच्याच वर्गावर होते.

माझ्यापुढे आता दुसरं ऑपरेशन आहे की नाही, तेही ठरलेलं नाही. वगळलेलं आतडं थोडं कमी करता येतं, म्हणजे पचन सुधारेल, पण त्याबरोबर वजन आणि साखर परत चढू शकते. नवरा म्हणतो, चाललंय तसं चालू दे. मी रोज सकाळी वेगळं ठरवते.

परवा रात्री पुन्हा एक फोन आला, नात्यातल्याच एका मुलीचा, तेहतीस वर्षांची आहे. तिला हे सगळं सांगितलं, बससकट. ती गप्प झाली. मग म्हणाली, "मग करू की नको, मावशी?"

मी म्हटलं, "मला नाही सांगता येणार गं. तुझी साखर किती आली ते सांग आधी."