दाईची निवडणूक

आमचं पोरगं बोलायला लागल्यावर त्याने तिला हाक मारली ती ‘दाई’ अशी. संथाळीत, म्हणजे तिच्या आदिवासी भाषेत, दाई म्हणजे थोरली बहीण, आणि हे तिनेच त्याला शिकवलेलं. जळगावहून आईने व्हिडिओ कॉलवर ते ऐकलं आणि तिचं तोंड एवढंसं झालं. ‘अगं, पोर सांभाळणाऱ्या मुलीला कुणी तोंडावर दाई म्हणतं का? काय वळण लावताय!’ मी पुष्कळ समजावलं, पण मराठीतली दाई काही आईच्या डोक्यातून हलेना. इकडे आम्ही नवरा-बायकोही तिला दाईच म्हणायला लागलो होतो. ती एकवीस वर्षांची, मी पस्तिशीची, आणि थोरली बहीण ती.

दाई ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्याची. दिल्लीत आली तेव्हा पहिल्या घरातल्या बाईंना तिचं नाव उच्चारायला अवघड वाटलं, म्हणून त्यांनी ‘पिंकी’ ठेवलं. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीच्या गेटपासवरही तेच चिकटून आलं. बाकी दिल्ली तिने आमच्यापेक्षा लवकर खिशात घातली. मेट्रोचा कुठला डबा जिन्यासमोर थांबतो, सरोजिनी नगरच्या बाजारात दीडशेचा टॉप ऐंशीला कसा आणायचा, कुठल्या मोमोवाल्याची लाल चटणी पोटाला बरी, सगळं पाठ. रविवारी झारखंडातल्या गुमला-सिमडेग्याच्या मुली चर्चला जायच्या. ही ख्रिश्चन नाही, तरी सोबतीला जायची. ‘गाणी छान असतात,’ म्हणायची, ‘आणि पंखे मोठे.’

२१ जून २०२२ ला महाराष्ट्रातल्या घराघरासारखं आमचंही घर सुरतेत मुक्कामाला होतं. कोण आमदार गेले, कोण परतले, कोणाचा फोन लागत नाही. नवरा रिमोट छातीशी धरून बसलेला. रात्री दाई फोन घेऊन बाहेर आली. ‘दीदी, आमच्याकडच्या राष्ट्रपती होणार!’

‘कोण तुमच्याकडच्या?’

‘द्रौपदी मुर्मू. रायरंगपूरच्या. आमच्या गावाहून बसने दीड तास.’

झारखंडच्या राज्यपाल होत्या, एवढंच मला आठवलं. रायरंगपूरच्या नगर पंचायतीत १९९७ ला त्या नगरसेविका होत्या, पुढे दोनदा आमदार झाल्या, त्याआधी शाळेत शिकवायच्या, हे मला दाईने सांगितलं. मी मान डोलावली आणि परत सुरतेत गेले.

दोन दिवसांनी तिने सुट्टी मागितली. मतदानासाठी. कार्ड गावाकडचं आहे, गाडीचं रिझर्व्हेशन आत्ताच बघावं लागेल, म्हणाली. राष्ट्रपती आपण निवडत नाही, खासदार-आमदार निवडतात, हे तिला सांगताना मला उगीचच अपराधी वाटलं, जणू तो नियम मी केलाय. ती थोडा वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे माझ्या वाटचं मत आमचा आमदार टाकणार. ठीक आहे. कुणाला टाकलं ते तो मला येऊन सांगणार का?’ मतदान गुप्त असतं, म्हटल्यावर तिने भेंडीचं देठ जरा जोरातच मोडलं.

पण त्यानंतर ती या विषयातली मास्तरीण झाली. ओडिशाच्या आमदाराच्या मताचं मूल्य १४९, महाराष्ट्राच्या १७५, उत्तर प्रदेशच्या २०८, सिक्कीमच्या अवघं ७. खासदाराचं या वेळी ७००, कारण जम्मू-काश्मीरला विधानसभाच नव्हती. हे आकडे १९७१ च्या लोकसंख्येवरून काढतात हे मी तिला वाचून दाखवलं, तर तिची शंका तयार: ‘झारखंडचं १७६ आहे. पण १९७१ ला झारखंड कुठे होतं?’ बरोबर होतं तिचं. झारखंड २००० सालचं. राज्य नंतर झालं तरी त्या मुलखातली माणसं आधीपासून होतीच ना, त्यांचीच मोजदाद धरली, असं काहीतरी मी सांगितलं. ‘माणसं आधीपासून होती,’ हे तिला फार आवडलं. दिवसभर तेच म्हणत होती.

आता रिमोटवरून भांडणं. नवऱ्याला गुवाहाटी हवी, तिला रायरंगपूर. ‘काय झाडी, काय डोंगार’ तिलाही पाठ झालं, मराठीचा गंध नसताना. उमेदवारी जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुर्मूबाईंनी रायरंगपूरच्या शिवमंदिरात झाडू मारला, त्याचा व्हिडिओ तिने मला निदान दहा वेळा दाखवला. भक्तिभावाचं तिला काही नव्हतं. ती हात बघत होती. ‘कॅमेऱ्यासाठी झाडणारी बाई झाडू अशी धरत नाही, दीदी. सवयीचा हात आहे.’ त्याच आठवड्यात बातमी आली की उपरबेडा या त्यांच्या गावच्या डुंगुरशाही पाड्यावर वीज न्यायचं काम सुरू झालं. दाईने ती शांतपणे वाचली आणि म्हणाली, ‘आमच्या पाड्यातून कुणाला उभं करावं?’

मला २००७ आठवत होतं. प्रतिभाताई राष्ट्रपती झाल्या तेव्हा आमचं जळगाव नुसतं उधाणलं होतं. १९६२ ला त्या पहिल्यांदा आमदार झाल्या त्या आमच्याच शहरातून. आईने गल्लीभर पेढे वाटले. मी कॉलेजात, सगळ्याच बाबतीत शहाणी. ‘राष्ट्रपती म्हणजे नुसता शिक्का गं,’ असं म्हणत मीही पेढे खाल्ले, तीन. तेच वाक्य यंदा दोन-चारदा जिभेवर आलं होतं. दाईसमोर ते बाहेर काही पडलं नाही. खरं सांगायचं तर ते अजूनही मला पुरतं चूक वाटत नाही.

२१ जुलैला मतमोजणी. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकटीत दाई बारीक अक्षरात काहीतरी लिहीत होती. मी वाकून पाहिलं तर आकडेसुद्धा ओळखता येईनात. ती ओल चिकी होती, पंडित रघुनाथ मुर्मूंनी संथाळीसाठी १९२५ मध्ये घडवलेली लिपी. शाळेत दाई ओडिया शिकली, ही लिपी मामाने अंगणात शिकवली. दोन वर्षं ही मुलगी माझ्या घरात इस्त्रीचे कपडे आणि दुधाचा हिशेब हिंदीत लिहून ठेवत होती, आणि तिच्याकडे स्वतःची अख्खी लिपी आहे हे मला कालनिर्णयने सांगितलं.

रात्री आठच्या सुमारास, तिसऱ्या फेरीनंतर, निकाल नक्की झाला. पोराला कडेवर घेऊन ती नाचली. सगळी मोजणी संपल्यावर तिने शेवटचे आकडे उतरवले: मुर्मूंना २,८२४ मतं, यशवंत सिन्हांना १,८७७. आणि मग तिचा पारा चढला. ‘हे १,८७७ कोण?’ लोकशाहीत विरोधी मतं असतातच, वगैरे मी सुरू केलं, ती ऐकून घ्यायला तयार नव्हती. त्यात १५ खासदारांची मतं बाद झालेली. ‘पेनसुद्धा हातात देतात, तरी जमत नाही?’ मात्र केरळात मुर्मूंना मिळालेल्या एकुलत्या एक मतावर तिचा भारी जीव. तो आमदार कोण हे कुणालाच कळलं नाही, म्हणून ती त्याला नुसतं ‘केरळवाले भैया’ म्हणते.

२४ तारखेला रविवार होता. शपथविधीच्या आदल्या दिवशी राष्ट्रपती भवन बघायचंच, म्हणून आम्ही तिघं निघालो. राजीव चौकाला गाडी बदलून केंद्रीय सचिवालय. वर येऊन बघतो तर राजपथाचं काम चाललेलं, जिकडेतिकडे पत्रे, आणि पोलीस उभं राहू देईनात. उन्हाने पोर किरकिरायला लागलं. एका फटीतून लांबवर घुमट दिसला. दाईने सेल्फी काढला, त्यात घुमट तिच्या कानातल्यापेक्षा लहान आलाय. आत ३४० खोल्या आहेत, मी सांगितलं. तिने क्षणभर हिशेब केला. ‘म्हणजे गावाकडचे सगळे आले तरी सोय होईल.’

दुसऱ्या दिवशी मुर्मूंच्या भाषणाची सुरुवातच ‘जोहार’ने, आदिवासींच्या नमस्काराने, झाली. दाई टीव्हीला उत्तर देऊन मोकळी झाली, ‘जोहार!’ पाठोपाठ पोरगंही. दुपारी मी तिला आणखी एक बातमी वाचून दाखवली: मुर्मूंचं मूळ संथाळी नाव ‘पुटी’, द्रौपदी हे नाव शाळेतल्या शिक्षकांनी ठेवलेलं. ती वाटीत वरणभात कालवत होती, हात थांबला. मला एकदम चेव आला. म्हटलं, तुझा गेटपास या महिन्यात नवा करायचाच आहे, तर ते पिंकी काढून टाकू, तुझं खरं नाव घालू, आडनावासकट. आजच सोसायटीच्या ऑफिसात जाते.

‘राहू दे, दीदी,’ ती म्हणाली. ‘त्या पण द्रौपदीच राहिल्या ना. घरचं नाव घरच्यांना.’

मग पोराच्या तोंडात घास देत तिने विचारलं, पुढच्या रविवारी सरोजिनीला जायचंय, अर्धा दिवस जास्त मिळेल का. तिला शपथविधीत मुर्मूंनी नेसली होती तशी हिरव्या-लाल काठांची पांढरी साडी शोधायची होती, आणि ती ऐंशीत मिळणार नाही हे तिलाही माहीत होतं.