नोटीस उघडण्याआधीच

आयकराचं काम करणाऱ्या माणसाला लोकांच्या पैशांपेक्षा त्यांच्या काळज्या जास्त जवळून दिसतात. बडोद्यात दांडिया बाजारातल्या माझ्या ऑफिसात रिटर्नच्या दिवसांत येऊन बसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना कर फारसा लागतच नाही. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले काका, घरी शिकवण्या घेणाऱ्या बायका. पण चेहरे बघाल तर वाटेल, उद्या घरावर जप्ती येणार आहे.

सगळ्यात जास्त झोप उडवतं ते १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम १४३(१) खालचं पत्र. लोक त्याला ‘नोटीस’च म्हणतात. खरं तर रिटर्न बेंगळुरूच्या केंद्रात तपासून झालं, की निकाल कळवण्यासाठी येणारी ही साधी सूचना असते. एका रकान्यात तुम्ही भरलेले आकडे, शेजारच्या रकान्यात खात्याने धरलेले, आणि शेवटी निकाल: परतावा मिळेल, रक्कम भरायची आहे, किंवा देणंघेणं काही नाही. पण ते ई-मेलने येतं, फाइलला पासवर्ड असतो (पॅन छोट्या अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख), आणि तो ठाऊक नसेल तर फाइल उघडत नाही. मग माणूस न उघडलेली फाइल मनातल्या मनात वाचू लागतो.

माझ्याकडे येणारे एक काका आहेत, नाव सांगत नाही. असं पत्र आल्यावर कितीतरी दिवस ते कुणाशी बोललेच नाहीत. काकूंनाही सांगितलं नाही. एकट्याने सगळी साखळी जोडत बसले. एखाद्या एफडीचं व्याज दाखवायचं राहिलं असेल, मग दंड होईल, मग पेन्शनमधून वसुली, मग हे मुलीच्या सासरी कळणार. शेवटी माझ्यासमोर बसले तेव्हा हातात जुन्या पासबुकांची पिशवी होती. मी फाइल उघडली. दोन्ही रकाने सारखे, देणंघेणं शून्य. मला वाटलं, आता हसतील. ते म्हणाले, “ह्या वर्षी सुटलो ताई. पण पुढच्या वर्षी येईल ना?”

त्यांच्या ह्या प्रश्नाचा मी पुष्कळ विचार केला. एक गोष्ट मला स्पष्ट दिसली, की काकांच्या भीतीचा त्या पत्राशी संबंध फार थोडा होता. पत्र गेलं आणि भीतीने लगेच दुसरी खुंटी शोधली. अशा वेळी “काही होत नाही हो” म्हणून भागत नाही. त्यांना खरा उपयोग झाला तो ह्या माहितीचा, की आकड्यांत फरक असेल आणि खातं दुरुस्ती सुचवत असेल, तर आधी तसं कळवतं आणि उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात. उत्तर ऑनलाइन देता येतं, आणि फरक खरा असेल तर पैसे भरून विषय संपतो. पुढे काय करायचं हे कळल्यावर त्यांचे खांदे जरा खाली आले.

आपल्या घरांमधून काळजी करणाऱ्या माणसाला फार मान असतो. ‘तिला बिचारीला रात्रभर झोप नाही’ हे आपण कौतुकानं सांगतो, आणि जो शांत झोपला त्याला कशाचं काही नाही असं ठरवून टाकतो. मला हे मुळीच पटत नाही. काळजीतून एखादी कृती निघाली तर ती जबाबदारी. कृती निघत नसेल, किंवा करण्यासारखं सगळं करून झालं असेल, तर त्यापुढची काळजी फक्त अंग आणि वेळ खाते.

बडोद्याच्या माणसाला हे पावसाळ्यात तपासून बघता येतं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी काला घोडा पुलाजवळ ३५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी २६ फूट. तळमजल्यावरच्या लोकांचे फ्रिज, गाद्या, मुलांची सर्टिफिकेटं, सगळं पाण्यात. सोसायटीत मगर शिरली तर काय, हीसुद्धा इथे खरी भीती आहे, कारण नदीत मगरी आहेतच. तेव्हापासून जोराचा पाऊस लागला की प्रत्येक फॅमिली ग्रुपवर आजवा धरणाची पातळी फिरू लागते. ती बघायलाच हवी. कागदपत्रं वरच्या मजल्यावर नेणं, स्कूटर उंचावर लावणं, पिण्याचं पाणी भरणं, फोन चार्ज करणं, म्हाताऱ्या माणसांची औषधं एका पिशवीत ठेवणं, हे सगळं त्या आकड्यावरून ठरतं. पण हे करून झाल्यावर रात्री दोनला पुन्हा आजवा, तीनला पुन्हा विश्वामित्री, आणि मधल्या वेळात कुठल्या वर्षीचे कोण जाणे असे व्हिडिओ बघून काय मिळतं? पहाटे खरंच पाणी आलं, तर हलायला ताकद लागेल आणि ती रात्रीच संपलेली असेल. आणि पाणी आलं नाही, तर मनात पक्कं बसतं की आपण जागलो म्हणून वाचलो. ही समजूत मला सगळ्यात घातक वाटते, कारण पुढच्या पावसात ती पुन्हा जागं ठेवते.

दुसरी एक सवय, झालेलं बोलणं पुन्हा पुन्हा उगाळण्याची. गणपतीत आमच्याकडे एका मुलीने सूत्रसंचालन करताना पाहुण्यांचं नाव चुकवलं. विसर्जन होऊन गेलं तरी ती त्याच वाक्यात अडकलेली. ‘सगळे काय म्हणत असतील?’ मी तिला अमेरिकेतल्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना घालायला लाज वाटेल असा एका गायकाचा फोटो असलेला टी-शर्ट चढवून दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या खोलीत पाठवलं. टी-शर्ट घातलेल्यांना वाटलं, साधारण निम्म्या लोकांच्या लक्षात आलं असेल. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच लक्षात आलं होतं. तिला हे ऐकून हायसं वाटलं की नाही, ठाऊक नाही. पण त्या पाहुण्यांना फोन करून ‘सॉरी काका’ म्हणाली, आणि ते काम मात्र झालं.

‘निवांत बसून एकदाच करू’ हाही वेळ खाणारा विचार. तो निवांत दिवस येत नाही आणि काम रोज डोक्यात येऊन टोचतं. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर ह्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं, की अपुरं काम मनात घुसू नये म्हणून ते संपवावंच लागतं असं नाही. ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं तरी टोचणी कमी होते. म्हणून मी अशिलांना ‘लवकर आणा’ म्हणायचं सोडलं आहे. ‘गुरुवारी अकराला, बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट घेऊन’ असं सांगते.

माझ्या स्वतःच्या काळज्यांसाठी मी संध्याकाळचा अर्धा तास ठेवला आहे. ही पद्धत थॉमस बोर्कोव्हेक ह्या मानसशास्त्रज्ञाच्या कामातून आली. १९८३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ती मांडली: काळजीला रोज एकच वेळ, एकच जागा. दिवसा काही आठवलं तर ‘संध्याकाळी’ असं म्हणून हातातलं काम करायचं. मी खिडकीजवळच्या खुर्चीत वही घेऊन बसते, झोपायच्या खोलीत कधीच नाही. प्रत्येक काळजीखाली उद्या कुणाला फोन करायचा किंवा कुठला कागद काढायचा ते लिहिते. काहींच्या खाली लिहिण्यासारखं काहीच नसतं. आईचं वय, मुलाचं परदेशात राहणं. ती ओळ मी मोकळी सोडते आणि वेळ झाली की उठते.

वही सगळ्यांना पुरेल असं मी म्हणणार नाही. झोप, भूक गेली असेल, छातीत धडधडत असेल, महिनोन् महिने हेच चाललं असेल, तर डॉक्टरांना भेटायला हवं. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ ह्या नंबरवर चोवीस तास मोफत आहे, गुजराती आणि मराठीतूनही बोलता येतं. काकांच्या रिटर्नच्या फाइलवर मी तो नंबर लिहून दिला आणि तो कशासाठी आहे ते काकूंनाही समजावून सांगितलं. पुढच्या वर्षीचं पत्र आलं, की दोघांनी मिळून उघडायचं असंही ठरलं आहे. पासवर्ड आता काकूंकडे आहे.