सांदवाडीचा मागचा भाग विकताना : माझा अनुभव

वर्धा जिल्ह्यात, नागपूर–तुळजापूर महामार्गापासून कोसभर आत आमचे गाव आहे. गावात आजोबांच्या वेळचे कवेलूचे घर, शेजारून बंडी मागे जाईल एवढी वाट आणि मागे लांबच लांब सांदवाडी, म्हणजे परसातली मोकळी जागा, अशी आमची जागा. वडील २०१९ मध्ये गेले. त्यानंतर आई एकटीच तिथे राहू लागली आणि दर पावसाळ्यात घराची एकेक भिंत फुगू लागली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, धाकटा भाऊ पुण्याजवळ एका कारखान्यात काम करतो आणि बहीण यवतमाळला दिली आहे. घर पक्के बांधायचे तर पैसा हवा होता. तो कर्जातून उभा करण्याऐवजी सांदवाडीचा मागचा भाग विकून उभा करावा, असे आम्ही २०२२ च्या दिवाळीत ठरवले. भाड्याच्या खोल्या बांधण्यासाठी जागा शोधणारे एक गृहस्थ तालुक्याच्या गावी होते आणि जागा पाहताच त्यांनी होकार दिला. हे काम दोन-तीन महिन्यांत आटोपेल, असे आम्हाला वाटले होते. प्रत्यक्षात विक्रीपत्र नोंदवायला फेब्रुवारी २०२४ उजाडला.

आमच्याजवळ कागद म्हणून होता तो ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि घरटॅक्सच्या पावत्यांचा गठ्ठा. वडिलांनी आयुष्यभर त्यालाच मालकीचा कागद मानले. वास्तविक नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. घर कोणाच्या ताब्यात आहे आणि कर कोणी भरायचा, एवढेच ती सांगते, मालकी सिद्ध करत नाही. त्यात आमच्या जागेची आराजी ५० बाय १२० फूट, म्हणजे ६,००० चौरस फूट लिहिलेली होती. भावाने टेप लावून मोजले तेव्हा जागा ५४ फूट रुंद आणि कुंपणापर्यंत १५० फूट खोल भरली, म्हणजे ८,१०० चौरस फूट. नोंदीपेक्षा जागा जास्त निघाली याचा घरात आनंद झाला. तो आनंद चुकीचा होता, हे कळायला आणखी काही महिने जावे लागले.

केंद्र शासनाची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली आणि पुढच्या वर्षी आमच्या गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली. प्रत्येकाने आपापल्या हद्दीवर चुन्याची रेघ ओढायची, मग भारतीय सर्वेक्षण विभागाचा ड्रोन वरून छायाचित्रे घेणार आणि त्यांवरून भूमी अभिलेख विभाग प्रत्येक जागेची आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, तयार करणार, अशी ती पद्धत होती. आईने कुंपणालगत चुना टाकला. नंतर चौकशीसाठी अधिकारी गावात आले तेव्हा आम्हा तिघांपैकी कोणीही गावात नव्हते. आईने जे ठाऊक होते ते सांगितले आणि दाखवलेल्या जागी अंगठा उमटवला. आमच्यापैकी एकाने त्या दिवशी रजा काढली असती तर पुढचा निम्मा त्रास वाचला असता, असे मला आजही वाटते.

हातात आलेल्या पत्रिकेत दोन गोष्टी होत्या. धारक म्हणून एकट्या आईचे नाव होते आणि क्षेत्र ६६२ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ७,१२८ चौरस फूट होते. भावाचे म्हणणे असे की, आईचे एकटीचे नाव आहे ते बरेच झाले, एका सहीत काम होईल. मला ते पटले नाही. वडील मृत्युपत्र न करता गेले होते. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगा आणि मुली हे सारे पहिल्या वर्गाचे वारस आहेत, आणि मुलगी सासरी गेली म्हणून तिचा हिस्सा कमी होत नाही. बहिणीने कधी काही मागितले नव्हते, परंतु न मागणे म्हणजे सोडून देणे नव्हे. शिवाय खरेदीदाराच्या वकिलाने शोध अहवाल, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल, तयार करताना पहिला प्रश्न वारसांचाच विचारला. आम्ही मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि अर्ज देऊन पत्रिकेवर चौघांची नावे लावून घेतली. नोटीस निघाली, हरकतीसाठी पंधरा दिवस गेले आणि नोंद प्रमाणित झाली. बहिणींनी हिस्सा सोडल्याचे हक्कसोडपत्र करून घ्यावे, असे एक-दोन नातेवाईकांनी सुचवले. आम्ही ते केले नाही. चौघांनी विक्रेते म्हणून सही करायची आणि रक्कम चौघांच्या खात्यात सारखी जमा व्हायची, असे ठरवले.

क्षेत्राचा प्रश्न अधिक अवघड होता. आमचे कुंपण १५० फुटांवर होते आणि पत्रिका १३२ फुटांवर थांबत होती. मागचे १८ फूट, म्हणजे सुमारे ९० चौरस मीटर, गेले कुठे? आम्ही पोटहिस्सा मोजणीसाठी, म्हणजे जागेचे भाग पाडून सरकारी मोजणी करून घेण्यासाठी, अर्ज केला आणि तातडीची फी भरली. पहिल्या तारखेला मोजणीदार आले नाहीत. दुसरी तारीख पावसात गेली, आणि काळी माती भिजली की त्या जमिनीत ना माणूस उभा राहतो ना यंत्र. आमच्याकडच्या या मातीचा आणखी एक दोष असा की, ती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते आणि तिच्यात पुरलेले हद्दीचे दगड कालांतराने कलतात, सरकतात. जुन्या दगडाच्या भरवशावर कोणी भांडू नये. अखेर रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या आधारे मोजणारे यंत्र, घेऊन मोजणीदार आले आणि तासाभरात उत्तर मिळाले. गावठाणाची हद्द १३२ फुटांवर संपत होती. त्यापलीकडची १८ फुटांची पट्टी मागच्या शेताच्या सातबारात होती.

त्या शेताचे मालक म्हणजे ज्यांच्या खांद्यावर बसून आम्ही पोळा पाहिला ते काका. त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "तुह्या आजानं अन् माह्या बापानं बोलून ठेवलं होतं, पोरी. बैलं बांधाले जागा पाहिजे होती तुमाले. कागद कोणी केला नाही." म्हणजे पन्नास-साठ वर्षे ती पट्टी आम्ही आमची समजून वापरली ती एका शब्दावर. खरेदीदाराला ती हवी होती. आमच्या वकिलांनी तीन वाटा समोर ठेवल्या. पहिली, बारा वर्षांहून अधिक काळ कब्जा आहे म्हणून न्यायालयात दावा लावायचा. दुसरी, काकांकडून ती विकत घ्यायची. पण ती शेतजमीन होती आणि १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली तेवढ्याशा तुकड्याची रजिस्ट्री होणे शक्य नव्हते. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनंतरही जिरायतीसाठी किमान २० गुंठे लागत होते आणि आमची पट्टी एक आरही भरत नव्हती. तिसरी वाट कुंपण मागे घेण्याची.

पहिल्या वाटेबद्दल घरात दोन दिवस बोलणे झाले. काकांनी जे आपल्या तोंडाने कबूल केले तेच त्यांच्याविरुद्ध वापरायचे, हे आईला ऐकूनही घेववेना. शिवाय जिथे मालकाच्या परवानगीने वापर होतो तिथे असा विरुद्ध कब्जाचा दावा टिकणे कठीण असते, हेही वकिलांनी स्पष्ट सांगितले. आम्ही कुंपण १८ फूट घराकडे आणले. आईने लावलेले लिंबाचे झाड त्या पट्टीत गेले. काकांनी ते ठेवले आहे आणि लिंबे अजून आईकडे येतात.

यानंतर जागा दोन भागांत कशी विभागायची हा विषय आला, आणि मला वाटते सर्वांत जास्त विचार तिथेच करायला हवा. पहिल्या आराखड्यात आम्ही रस्त्यापासून ६० फुटांवर रेघ ओढली होती. त्या रेघेच्या तीन फूट पलीकडे आमचे आंब्याचे झाड येत होते. खरेदीदाराला ते तोडावे लागले असते. आंबा, चिंच, मोह, साग ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. मालकी आपली असली तरी परवानगीशिवाय ती तोडता येत नाहीत. परवानगी मागण्याऐवजी आम्ही रेघ ६६ फुटांवर नेली. त्यामुळे ३२४ चौरस फूट जागा विक्रीतून वगळली गेली आणि ३५० रुपये दराने १,१३,४०० रुपये कमी आले. भावाला ते खटकले आणि त्याचे खटकणे रास्तही होते, कारण त्यात त्याचाही चौथा हिस्सा होता. त्याने शेवटी होकार दिला तो आईकडे पाहून.

विकायचा भाग ५४ बाय ६६ फूट, म्हणजे ३,५६४ चौरस फूट ठरला. त्याला रस्ता द्यायचा तो घराशेजारच्या बंडीच्या वाटेने. ती १२ फूट रुंद होती. ही वाट विकायची, अर्धी-अर्धी सामाईक ठेवायची की मालकी आमची ठेवून वहिवाटीचा हक्क द्यायचा, यावर दोन्ही वकिलांची तीन बैठकांत चर्चा झाली. सामाईक ठेवली तर उद्या कोणीही वाटणी मागू शकतो. नुसता "रस्ता राहील" असा मोघम शब्द लिहिला तर पाण्याची नळी, सांडपाण्याची नाली आणि विजेची तार यांचे काय, हा वाद दहा वर्षांनी उभा राहतो. आम्ही मालकी आमच्याकडे ठेवली आणि विक्रीपत्रात स्वतंत्र परिच्छेद घातला: वाट कायम १२ फूट मोकळी राहील, तिच्यावर दोघांपैकी कोणीही बांधकाम करणार नाही की वाहन उभे करून ठेवणार नाही, खालून नळी, नाली व तार नेण्याचा हक्क खरेदीदाराला व त्याच्यानंतरच्या धारकांना राहील आणि दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा होईल. वाट नकाशात वेगळ्या रंगाने दाखवून नकाशा विक्रीपत्राला जोडला. आमच्या संडासाचा शोषखड्डा विकायच्या भागात होता. तो आधी हलवून घेतला.

उपविभागणीला मंजुरी कशाला हवी, नुसत्या चतुःसीमा लिहून रजिस्ट्री करू, असे सुचवणारे अर्जनवीस भेटतात. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात 'विकास' या शब्दाच्या व्याख्येतच जमिनीची उपविभागणी येते, त्यामुळे मंजुरी टाळणे म्हणजे अडचण खरेदीदाराच्या गळ्यात बांधणे होय. परवानाधारक अभियंत्याने मोजणीच्या 'क' प्रतीवरून, म्हणजे भूमी अभिलेखच्या मोजणी नकाशावरून, नकाशा केला आणि सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी मिळाल्यावरच आम्ही इसाराचे एक लाख रुपये घेतले. त्याआधी पैसे घेतले असते तर प्रत्येक विलंबाची जबाबदारी आमच्यावर आली असती.

एकूण किंमत १२,४७,४०० रुपये. निम्मी रक्कम कागदावर दाखवू, उरलेली रोख देऊ, असा प्रस्ताव आला होता. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, हे मी सांगितले आणि तो विषय तिथेच संपला. मुद्रांक शुल्क रेडी रेकनरचा दर आणि प्रत्यक्ष किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागते. त्यात जिल्हा परिषदेचा १ टक्का असतो. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. हा सारा खर्च खरेदीदाराने केला. दुय्यम निबंधक कार्यालयात चौघांचे फोटो आणि अंगठे झाले. आईच्या बोटांचे ठसे यंत्र घेईना, कारण आयुष्यभर कापूस वेचून त्यांवरच्या रेषाच झिजल्या आहेत. पाचव्या प्रयत्नाला ठसा उमटला. आई बाहेर आल्यावर बराच वेळ काही बोलली नाही.

गावातल्या जमिनीवर कर नसतो, ही समजूत आमच्याकडे सर्वत्र आहे. ती सूट ग्रामीण भागातील शेतजमिनीला आहे; घराच्या जागेला नाही. सनदी लेखापालांनी १ एप्रिल २००१ चे मूल्य मूल्यांकनकाराकडून काढून घेतले, त्याला महागाई निर्देशांक लावला, जो २००१–०२ चा १०० धरून २०२३–२४ साठी ३४८ होता, आणि उरलेला नफा चौघांत विभागून विवरणपत्रांत दाखवला. २३ जुलै २०२४ पासून हे नियम बदलले आहेत, तेव्हा आता विकणाऱ्याने नव्याने विचारून घ्यावे.

रजिस्ट्रीनंतर इंडेक्स-२, म्हणजे नोंदणीचा गोषवारा, आणि मंजूर नकाशा जोडून पत्रिकेच्या विभाजनाचा अर्ज दिला. त्याला आणखी पाच महिने लागले, आणि त्यातले दोन एका अंकाच्या चुकीपायी गेले: आमच्याकडे उरलेल्या क्षेत्रातून वाट वजा झाली होती. ती मालकी आमची आहे, हे विक्रीपत्राचा परिच्छेद दाखवून लेखी कळवले तेव्हा दुरुस्ती झाली. ग्रामपंचायतीतही त्याच वेळी नमुना ८ ची जुनी ६,००० फुटांची नोंद दुरुस्त करून घेतली. आता आईच्या कपाटात ३३१ चौरस मीटरची नवी आखीव पत्रिका आहे, तिच्यावर चौघांची नावे आहेत आणि नकाशात वाटेची पट्टी आमच्या रंगात आहे. मागे खोल्यांचा पाया भरून झाला आहे. घराच्या पुढच्या भिंतीचे काम यंदा कापूस घरी आल्यावर सुरू होईल.