चिकाना स्टडीजचा पेपर आणि माझे वाया गेलेले पाच आठवडे

लॉस एंजेलिसला एम.ए. करताना मी चिकाना-चिकानो स्टडीजचा एक कोर्स घेतला, तो खरं तर मंगळवारची दुपार रिकामी होती म्हणून. चिकानो म्हणजे अमेरिकेत वाढलेले मेक्सिकन वंशाचे लोक, एवढीच माझी शिदोरी. नावात ‘चिकाना’ वेगळं का लागतं, हे वर्गातल्या इंग्रजी बोलणाऱ्या पोरांना समजावण्यात वीस मिनिटं गेली. मुलगा-मुलगी, मास्तर-मास्तरीण करत वाढलेल्या मला ते एका वाक्यात कळलं. त्या कोर्समध्ये मला पटकन कळलेली ही शेवटचीच गोष्ट.

टर्म पेपरचा विषय होता: हा अभ्यासक्रम एखाद्या विद्यापीठात आला कसा? बहुतेकांनी १९६८ धरलं. त्या मार्चमध्ये ईस्ट लॉस एंजेलिसच्या शाळांमधली मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली होती, सॅल कॅस्ट्रो नावाचे शिक्षक त्यांच्या बाजूने उभे राहिले होते, आणि त्याच वर्षी कॅल स्टेट लॉस एंजेलिस या विद्यापीठात या विषयाचा विभाग निघाला. मी मात्र यूसीएलए, म्हणजे लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ, आणि १९९३ घेतलं. मी औरंगाबादची. विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ पासून चाललेलं नामांतराचं आंदोलन १४ जानेवारी १९९४ ला संपलं, हे घरात ऐकतच मोठी झाले. त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकालाही विद्यापीठाच्या दारात पोरं ठाण मांडून बसली होती, म्हटल्यावर मला राहवेना.

आधी कागदपत्रं. वाचनदालनात जायचं तर बॅग, पेन, पाण्याची बाटली सगळं लॉकरमध्ये. आत फक्त पेन्सिल आणि लॅपटॉप. खोकं आधी मागवून ठेवायचं, टेबलावर एका वेळी एकच फोल्डर, आणि कागदांचा क्रम बदलायचा नाही. पहिल्या फोल्डरमध्ये एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश छापलेलं पत्रक होतं. कोपऱ्यात स्टेपलच्या गंजाचे दोन तपकिरी ठिपके. माझं स्पॅनिश अगदीच तोडकंमोडकं, ते एक पान लावायला दीड तास गेला.

भांडण नक्की कशाचं होतं, हे मला तिसऱ्या दिवशी उमगलं. विषय तर यूसीएलएत १९७३ पासून शिकवला जातच होता! पण तो ‘प्रोग्रॅम’ होता. म्हणजे प्राध्यापक उसनवारीचे, कुणी इतिहासातून आलेला, कुणी समाजशास्त्रातून. आपला माणूस आपण नेमायचा, तर विभाग हवा. मागणी त्याचीच होती. चान्सलर चार्ल्स यंग यांनी २८ एप्रिल १९९३ ला विभागाला नकार दिला. दुसऱ्या दिवशी शेतमजुरांचे नेते सेसार चावेस यांची अंत्ययात्रा होती. मुहूर्त असा निवडला म्हटल्यावर पोरं भडकणारच. मे महिन्यात फॅकल्टी सेंटरमध्ये आंदोलन झालं, काचा फुटल्या, धरपकड झाली. मग २५ मेपासून १४ दिवसांचं उपोषण. उपोषणाला बसलेल्यांत होर्हे मान्सियास नावाचे सहायक प्राध्यापकही होते, आणि ते होते मेडिकल स्कूलचे. हे वाचून मी पेन्सिल खाली ठेवली.

आता मला त्या काळच्या कुणाशी तरी बोलायचं होतं, आणि इथे माशी शिंकली. माणसांवरच्या संशोधनाला परवानगी लागते, म्हणून एका कार्यालयाने मला मोठा फॉर्म भरायला लावला. त्यात ‘सहभागींना संभाव्य धोका’ असा रकाना. लिहिलं, ‘आठवणींनी वाईट वाटू शकतं.’ फॉर्म परत आला. पुन्हा भरला, पुन्हा परत. पाच आठवड्यांनी तिथल्याच दुसऱ्या बाईंनी सहज सांगितलं, की २०१९ पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमात मौखिक इतिहास या परवानगीतून वगळलाय. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? (तुमच्यापैकी कुणी तिकडे मुलाखतींवर काम करणार असाल, तर ‘मला हा फॉर्म लागतो का’ हे आधी ईमेलवर लेखी विचारा.)

शेवटी एक बाई भेटल्या. तेव्हा विद्यार्थिनी, आता शाळेत शिकवतात. फोनवरच म्हणाल्या, “मी उपोषण केलं नव्हतं, चालेल का? सगळ्यांना तेच लोक हवे असतात.” मर्फी हॉल या विद्यापीठाच्या मुख्य कार्यालयाजवळ उपोषणकर्त्यांचे तंबू होते, त्यांच्यापाशी रात्रपाळी करायची, येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवायची, हे त्यांचं काम. परीक्षा तोंडावर होत्या. एक पेपर राहिला तो राहिलाच, मार्कलिस्टवर पुढचे कित्येक महिने ‘अपूर्ण’ लागलेलं. वडिलांना हे बरीच वर्षं सांगितलं नव्हतं म्हणे. मी त्यांना आमच्या विद्यापीठाच्या गेटबद्दल सांगितलं, दर १४ जानेवारीला तिथे होणाऱ्या गर्दीबद्दल. त्यांनी आंबेडकर हे नाव स्पेलिंगसकट लिहून घेतलं.

पेपर मुदतीच्या आदल्या रात्री संपला. देण्याआधी कबूल केल्याप्रमाणे त्यांना पाठवला. सकाळी परत आला. उपोषणानंतर ‘विभाग मिळाला’ असं मी सात ठिकाणी लिहिलं होतं. सातही ठिकाणी त्यांनी लाल रंगात ‘विभाग’ खोडून ‘केंद्र’ केलं होतं आणि समासात लिहिलं होतं: स्वतःचे प्राध्यापक नेमायचा अधिकार मिळाला, नाव चावेस यांचं मिळालं, विभाग २००५ मध्ये.