फणस घरावर आणि कटर तापून बंद

तौक्ते चक्रीवादळ १६ मे २०२१ ला सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून वर सरकलं आणि दुसऱ्या दिवशी रात्री गुजरातेत जमिनीवर चढलं. आमच्याकडे ते समुद्रातूनच गेलं, तरी कुडाळ, मालवण, वेंगुर्ले, देवगड या पट्ट्यात आंबा, फणस आणि माडांची दाणादाण उडाली. खांब आडवे, तारा रस्त्यावर, वीज गायब. त्यात कोरोनाचे निर्बंध, म्हणजे कोल्हापूरहून स्पेअर पार्ट येण्याची आशाच नको. अशा वेळी वाडीवाडीला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे लाकूड कापणारा चालू कटर.

मी ग्रास कटर, चेनसॉ आणि फवारणीचे पंप दुरुस्त करतो. त्या दिवशी दुकानात उजेड होता तो दारातून येईल तेवढाच. कॉम्प्रेसर, ग्राइंडर, ड्रिल सगळं बंद. बाहेर मशीनं घेऊन आलेली माणसं पावसात उभी. बहुतेकांचं काम साधं होतं. कुणाची चेन बोथट, कुणाचा प्लग काळा, कुणी घाईत ऑइल न मिसळता साधं पेट्रोल भरलेलं. त्यात एक ओळखीचे काका आले. झाडं तोडण्यातच त्यांचं आयुष्य गेलेलं. शेजारणीच्या कौलारू घरावर फणस आडवा झाला होता, माणसं पडवीत बसून होती आणि काकांचा ५२ सीसीचा कटर ऐन वेळी दगा देत होता.

"आवाज जोरात येता, पण लाकडात घातला की दम सोडता. तापला की मरता. गार झाला की परत चलता. काय करू?"

मशीन हातात घेतल्यावर पहिली नजर गेली ती सायलेन्सरवर. बाजूला दोन भोकं पाडलेली, कडा तशाच फाटक्या, आणि तोंडावरची बारीक जाळी काढून टाकलेली. एका भोकातून निघणारा गरम धूर थेट पुढच्या प्लास्टिकवर जात होता आणि ते प्लास्टिक वितळून सुरकुतलं होतं.

"काका, सायलेन्सराक भोकां कोणी पाडली?"

कुणा कारागिराकडून ती पाडून घेतल्याचं त्यांनी सांगितलं. "आवाज वाढलो तसो जोर पण वाढलो, असा वाटला."

सायलेन्सर मोकळा केला की जोर वाढतो, हे खोटं नाही. कारखान्यातून येतो तो सायलेन्सर आवाजाच्या आणि धुराच्या नियमांसाठी बराच आवळलेला असतो. जळलेला वायू लवकर बाहेर पडला की सिलिंडरमध्ये ताजी हवा जास्त येते. पण हवा वाढली तर पेट्रोलही त्या मानाने वाढायला हवं, आणि ते वाढवायचं कार्बोरेटरच्या स्क्रूवरून. त्या कारागिराने भोकं पाडली आणि कार्बोरेटरला हातच लावला नाही. टू स्ट्रोक इंजिनात ऑइलची वेगळी सोय नसते, ते पेट्रोलात मिसळूनच आत जातं. म्हणून पेट्रोल कमी पडलं की वंगणही कमी पडतं, आतली उष्णता वाढते, आणि फेरे मात्र चढतात. ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय सुटलाय कटर! प्रत्यक्षात पिस्टन सुका घासत असतो. माझ्याकडे येणाऱ्या जाम झालेल्या कटरांत असे 'सुटलेले' पुष्कळ असतात.

प्लग काढला. टोक पांढरंफटक, खडूच्या रंगाचं, म्हणजे पेट्रोल कमी पडून आत फार तापत होतं. सायलेन्सरचे दोन बोल्ट काढून एक्झॉस्टच्या तोंडातून बॅटरीच्या उजेडात पिस्टन पाहिला. सर्वांत तापणारी बाजू तीच, आणि ओरखडे आधी तिथेच पडतात. उभ्या, बारीक रेघा दिसल्या, पण नखाला लागत नव्हत्या. रिंग खाचेत मोकळी होती. प्लग परत लावून स्टार्टरच्या दोरीला धरून कटर उचलला, तर तो झटक्याझटक्याने सावकाश खाली आला. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, शिल्लक होतं. मला फार हायसं वाटलं, कारण पिस्टन गेला असता तर त्या दिवशी तो कुठूनच मिळाला नसता.

आता प्रश्न असा की भोकं पाडून बरेच महिने झालेले, मग मशीन आत्ताच का रडायला लागली? म्हणजे पेट्रोल कमी पडायला आणखी काहीतरी कारण असणार. आधी कुठे हवा घेते का ते पाहिलं. एक्झॉस्टवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा दाबून बसवला, कार्बोरेटरची बाजू बंद केली आणि प्लगच्या भोकातून हवा भरली. ब्लडप्रेशर मोजायच्या जुन्या यंत्राचा रबरी फुगा आणि काटा मी याच कामासाठी जपून ठेवलाय. विजेशिवाय चालतो, आणि काटा जरा जरी खाली आला तरी कळतं. सीलवर, इनटेकच्या रबरावर साबणाचं पाणी सोडलं. कुठेही बुडबुडा नाही, काटा जागच्या जागी.

मग राहिला कार्बोरेटर. बाइकच्या जुन्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट असतो आणि तो सरळ राहिला तरच काम करतो. कटर आडवा, तिरका, कधी उलटाही धरावा लागतो, म्हणून त्याच्यात फ्लोटऐवजी पातळ पडदे असतात. एका बाजूचा पडदा क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातून, येणाऱ्या दाबाच्या ठोक्यांवर हलतो आणि टाकीतलं पेट्रोल ओढतो. दुसऱ्या बाजूचा डायफ्राम आतल्या ओढीने आत वाकतो, एक छोटी लिव्हर दाबतो, लिव्हर सुई उचलते आणि हवं तेवढं पेट्रोल आत येतं. सगळा खेळ त्या पडद्याच्या लवचिकतेवर.

चार स्क्रू काढून झाकण उचललं तर डायफ्राम कडक झालेला. बोटाने दाबला की पापडासारखा कुरकुर वाजत होता. पेट्रोलातलं इथेनॉल आणि महिनोन्‌महिने टाकीत राहिलेलं मिक्स, दोन्ही पडद्यांना वाईट. कडक पडदा आयडलिंगला, म्हणजे रेस न देता मशीन नुसती चालू असताना, कसाबसा भागवतो. पण लाकडात घालून पूर्ण रेस दिली की लिव्हर पुरेशी दाबली जात नाही. दुसऱ्या बाजूची, नखाएवढी गोल जाळी तपकिरी चिकट गाळाने जवळजवळ बुजलेली होती, आणि लिव्हरही कुणीतरी वाकवून खाली बसवलेली. आधीच मोकळा सायलेन्सर जास्त हवा ओढतोय, आणि इकडे पेट्रोलची वाट अडलेली. कटर मरेल नाही तर काय!

किट मिळणार नव्हतं. माळ्यावर भंगारात एका ग्रास कटरचा त्याच घडणीचा कार्बोरेटर पडला होता. त्याचा डायफ्राम मऊ होता. दोन्ही एकमेकांवर ठेवून भोकं जुळतात का पाहिलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मधलं बटण पाहिलं. काही डायफ्रामचं बटण लिव्हरच्या फटीत अडकवायचं असतं, काहींचं नुसतं टेकतं. चुकीचा घातला तर बसतो बरोबर, चालतो मात्र भलताच. हा टेकणारा होता, आणि काकांचाही तसाच. लिव्हरची उंची त्या भंगारातल्या कार्बोरेटरच्या लिव्हरशी स्टीलची पट्टी लावून जुळवली. फार वर राहिली तर मशीन पेट्रोलने बुडते, फार खाली राहिली तर उपाशी मरते.

स्क्रू काढून सगळ्या वाटा पेट्रोलने धुतल्या आणि सायकलच्या पंपाने फुंकल्या. आत तार घातली नाही. ती बारीक भोकं मोजून पाडलेली असतात, तारेने एकदा मोठी झाली की स्क्रू कितीही फिरवा, मशीन लाइनवर येत नाही. मग पेट्रोलच्या नळीवर तोच रबरी फुगा लावून दाब दिला. सुई घट्ट बसली होती, काटा हलला नाही.

आता सायलेन्सर. वीज असती तर वेल्डिंगने भोकं बुजवली असती. तसं नसल्यामुळे कडा कानशीने साफ केल्या, दोन्ही भोकांत आतून वॉशर घालून बोल्ट-नट आवळले आणि नट थरथरीने सुटू नयेत म्हणून बाहेर आलेले आटे पंच मारून चेपले. काकांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, जोर काढून घेतोय. म्हणून मूळ तोंड अर्धगोल कानशीने थोडं रुंद केलं, एक्झॉस्ट पोर्टपेक्षा लहानच ठेवलं, आणि वायू माणसापासून व प्लास्टिकपासून दूर जाईल असा रोख कायम ठेवला. हे सगळं इंजिनापासून दूर, बाकड्यावर. कानशीचा कीस सिलिंडरमध्ये गेला तर सगळ्या कष्टांवर पाणी. शेवटी आतला कीस झटकून, धुऊन, तोंडावर जाळी बसवली, तीही भंगारातलीच.

ही जाळी ठिणग्या अडवते. मे महिन्याच्या त्या पावसात तिचं महत्त्व कुणाला पटलं नसतं. पण हाच कटर फेब्रुवारी-मार्चमध्ये काजूच्या बागेत, गुडघाभर वाळलेल्या गवतात चालणार असतो. आमच्याकडे दर वर्षी वणव्यात काजू आणि आंब्याच्या बागा होरपळतात. जाळी नसलेला कटर घेऊन बागेत जाऊ देणं मला पटत नाही, गिऱ्हाईक कितीही रागावलं तरी.

टाकीतलं जुनं मिक्स ओतून दिलं आणि नवीन बनवलं, लिटरला ४० मिली ऑइल. काका आजवर झाकणाने अंदाजे टाकायचे, वर 'जपणुकीसाठी' थोडं जास्त. ऑइल जास्त झालं की त्याच थेंबात पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिश्रण उलट सुकं होतं. हे त्यांना समजावलं तेव्हा ते बराच वेळ विचार करत राहिले.

कार्बोरेटरचे एच (पूर्ण रेसचं पेट्रोल ठरवणारा) आणि एल (आयडलिंगचं ठरवणारा), दोन्ही स्क्रू हलक्या हाताने टेकवून एकेक फेरा उघडले आणि मशीन तापू दिली. एल फिरवून आयडलिंग जिथे सर्वांत वर जातं ती जागा शोधली, तिथून किंचित उघडा ठेवला, मग आयडलिंगचा वेग ठरवणाऱ्या टी स्क्रूने चेन फिरायची थांबेपर्यंत रेस उतरवली. एचचं खरं काम मात्र लाकडाशिवाय होत नाही, म्हणून काकांच्या मागे बसून फणसाकडेच गेलो.

झाड कौलांवर रेललेलं, फांद्या ताणलेल्या. खाली पडलेल्या विजेच्या तारा बंद आहेत याची वायरमनकडून खात्री होईपर्यंत कुणी हात लावला नाही. काकांनी आधी जमिनीवरच्या सुट्या फांदीत कटर घातला. मोकळ्यावर पूर्ण रेस दिली की आवाज किंचित फडफडायला हवा, आणि लाकडात शिरताच फडफड जाऊन आवाज स्वच्छ व्हायला हवा. मोकळ्यावरच तो किंचाळत असेल तर पेट्रोल कमी आहे. पहिल्या कापात किंचाळला. एच थोडा थोडा करत पाव फेरा उघडला. पुन्हा कापलं. फडफड आली, लाकडात गेली, पिवळाधमक भुसा जाड पडायला लागला. पूर्ण रेसवर मशीन बंद करून प्लग काढून पाहिला. टोक फिकट तपकिरी होतं, म्हणजे पेट्रोल आता बरोबर होतं.

त्यानंतर काकांचं काम सुरू झालं आणि तिथे मी फक्त बघणारा. ताणलेल्या फांदीला दाबल्या जाणाऱ्या बाजूने आधी थोडा काप, मग ताणाच्या बाजूने हळूहळू, पाय नेहमी उताराच्या वर. फणसाचा चीक चेनला लागत होता, मध्ये थांबून रॉकेलच्या बोळ्याने पुसत होते. कटर तापला, पण मेला नाही. खोडाचे तुकडे दोरांनी उतरवले आणि संध्याकाळी घरावर ताडपत्री चढली.

"आवाज कमी झालो," निघताना काका म्हणाले, "पण लाकूड भरभर कापता." आणि तसेच पुढच्या वाडीला गेले.

पुढच्या मार्चमध्ये काजूच्या बागेतल्या कामाआधी ते कटर दाखवायला आले. सायलेन्सरची जाळी काजळीने चोंदली होती, पण जागेवर होती. बोल्टही घट्ट होते. जाळी ब्रशने घासून बसवली, डायफ्राम नवीन घातला, आणि एच होता तिथेच बरोबर निघाला.